प्रभूच्या जखमा व आमचें आरोग्य



महोत्सवाच्या या पुस्तिकेंत आनंदाचे प्रसंग पुष्कळ वर्णिले जातील. मीं मात्र एका माउलीच्या प्रश्नाचें उत्तर येथें लिहिण्याचें योजिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिचा तरुण मुलगा दीर्घ दुखण्यानें वारला. प्रभूच्या जखमांनीं आपणांस आरोग्य मिळतें असें देवळांत वाचतात, मग माझा मुलगा कां बरा झाला नाहीं? माझाच विश्वास कमी पडला काय? असें तिनें मला विचारिलें. त्या दिवशीं मजकडून नीट उत्तर झालें नाहीं. तें आज इतिहासाच्या आधारानें देण्याचा यत्न करितों.

ज्या वचनाचा तिनें उल्लेख केला, त्याचें मूळ यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ५३ व्या अध्यायांत आहे. देवाचा निरपराध सेवक दुसऱ्यांच्या व्याधि आपल्या माथीं घेतो व त्याच्या जखमांपासून इतरांस आरोग्य लाभतें, असें तेथें वर्णन आहे. नव्या करारांत या अध्यायाचा आधार दोन प्रकारें घेतला आहे. प्रभूनें पेत्राच्या सासूचा ताप घालविला व संध्याकाळीं आणलेल्या रोग्यांस बरें केलें, हें सांगून संत मत्तय तेथें यशयाचें वचन लावितो. म्हणजे त्याच्या मनांत शरीराचेच रोग आहेत. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत तोच अध्याय अन्यायानें मार सोसणाऱ्या दासांना सांगतो; तेथें आरोग्य म्हणजे पापापासून सुटका. ख्रिस्तसभेनें या दोहोंपैकीं एकही अर्थ टाकिला नाहीं.

हे दोन्ही अर्थ एकत्र कसे नांदतात, हें पाहण्यासाठीं आपण आल्सास प्रांतांतील ईसेनहाइम या गांवीं जाऊं. मध्ययुगांत युरोपांत ‘संत अंतोनीचा अग्नि’ नांवाचा भयंकर रोग पसरत असे. (हा संत अंतोनी पादुआचा नव्हे, मिसर देशाच्या अरण्यांतील मठवासी.) राय धान्यावर वाढणारी विषारी बुरशी गरिबांच्या भाकरींत जाई, त्यानें हातपाय भाजल्यासारखे होत, काळे पडत, व शेवटीं झडूनही जात. या रोग्यांच्या सेवेसाठीं इ. स. १०९५ च्या सुमारास फ्रान्सच्या दोफिने प्रांतांत अंतोनी-बंधूंचा संघ निघाला. ईसेनहाइम येथें त्यांचा मठ व रुग्णालय होतें. ते रोग्यास चांगल्या धान्याची भाकरी देत, वनस्पतींचा लेप लावीत, व जरूर पडल्यास सडलेला अवयव कापून टाकीत. रोगाचें मूळ त्यांस ठाऊक नव्हतें. तरी शुद्ध भाकरीनें अनेकांस गुण येई.

याच मठासाठीं इ. स. १५१२ ते १५१६ च्या दरम्यान माथियास ग्रुनेवाल्ड या चित्रकारानें वेदीवरील प्रसिद्ध चित्रें काढिलीं. तीं आज कोलमार शहरीं जतन केलेलीं आहेत. दारें मिटलेलीं असतां समोर क्रूसावरील प्रभु दिसतो. त्याचें शरीर हिरवट पडलेलें, कांट्यांनीं व व्रणांनीं भरलेलें आहे. रोग्यास त्या प्रभूच्या अंगावर आपलेंच दुखणें दिसत असेल. सणाच्या दिवशीं तीं दारें उघडीत, तेव्हां आंत पुनरुत्थित प्रभु प्रकट होई. त्याच्या कांतीवर आतां एकही व्रण नाहीं. परंतु क्रूसाच्या जखमा तशाच आहेत, व त्या प्रकाशानें झळकत आहेत. भाकरी, लेप, शस्त्र व प्रार्थना, हें सर्व त्या एकाच छपराखालीं नांदत होतें. यांतील एकाचा स्वीकार म्हणजे दुसऱ्यावर अविश्वास, असें त्या बंधूंस कधीं वाटलें नाहीं.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. रोग्यानें वडीलजनांस बोलवावें, त्यांनीं त्याजवर तेल लावून प्रार्थना करावी, असें संत याकोब सांगतो. पुढें मध्ययुगांत हा संस्कार मरणकाळींच देण्याची रीत पडली. त्रेंत येथील महासभेनें इ. स. १५५१ त असें शिकविलें कीं, या संस्कारानें आत्म्यास कृपा व बळ मिळतें, आणि आत्म्याच्या हितास योग्य असेल तेव्हां शरीरासही आरोग्य मिळतें. दुसऱ्या व्हाटिकन महासभेनंतर, इ. स. १९७२ त, सहावे पोप पॉल यांनीं या संस्काराच्या विधीस नवें रूप दिलें; गंभीर दुखण्याच्या आरंभींच तो घ्यावा, हें आतां स्पष्ट झालें आहे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील कांहीं प्रॉटेस्टंट उपदेशकांनीं, पापक्षमेप्रमाणेंच देहाचें आरोग्यही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तानें विश्वास ठेवणाऱ्याचें झालेंच आहे, असें शिकविलें. त्यांची श्रद्धा मोठी खरी. परंतु त्या शिकवणीनें बरा न झालेला रोगी स्वतःस दोषी मानूं लागतो. संत पौलाच्या देहांतील कांटा तीनदां विनवूनही निघाला नव्हता, हें विसरूं नये.

आपल्या पूर्वजांस हें कळत होतें. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला, तेव्हां आपल्या लोकांनीं ठिकठिकाणीं क्रूस उभारिले. आजही वांद्र्याच्या मोत माउलीच्या डोंगरावर मेणाचे हातपाय वाहिले जातात. मागणें हा लेकरांचा हक्क आहे. केव्हां व कसें द्यावें, हें पित्याच्या हातीं आहे.

आतां त्या माउलीस माझें उत्तर असें. बाई, तुमचा विश्वास कमी पडला नाहीं. प्रभूच्या जखमांनीं मिळणारें आरोग्य खरें आहे व तें शरीराचेंही आहे. पण या जगांत मिळतो तो त्याचा विसार, पूर्ण भरणा पुनरुत्थानाच्या दिवशीं. तुमच्या मुलाचा भरणा बुडालेला नाहीं.

आणि तुम्हां सर्वांस माझी एक विनंति. घरांत कोणी गंभीर आजारी पडल्यास वैद्यास बोलवा व धर्मगुरूसही बोलवा. रोगी घाबरेल म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबूं नका. पवित्र तेल हा मरणाचा निरोप नव्हे. ज्यानें आमच्या व्याधि आपल्या अंगावर घेतल्या, त्याचा तो हात आहे.