शक्ति आणि शिदोरी

१२ डिसेंबर २००४ रोजीं जपानमध्यें सोनी कंपनीनें ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ नांवाचें, हातांत धरून खेळावयाचें यंत्र विक्रीस काढलें. त्यांतील प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३३ कोटि ३० लक्ष ठोक्यांच्या वेगानें चालूं शकेल असा घडविलेला होता. परंतु खेळ तयार करणाऱ्या मंडळींना २२२ मेगाहर्ट्झच्या पुढें जाण्याची मनाई होती. तीन घोड्यांची गाडी विकत घ्यावी आणि तिसरा घोडा तबेल्यांतच बांधून ठेवण्याची अट मान्य करावी, असा हा प्रकार झाला. हा तिसरा घोडा कां बांधला गेला आणि पुढें तो कसा सुटला, हें समजण्यासाठीं या यंत्रांच्या पोटापाण्याचा विचार आधीं करावा लागतो.

घरांतील खेळयंत्राला भिंतींतून वीज मिळते. हातांतल्या यंत्राला मात्र बरोबर बांधून घेतलेल्या शिदोरीवरच, म्हणजे बॅटरीवरच, सारा प्रवास करावा लागतो. प्रोसेसरचा वेग वाढला कीं विजेचा खर्च वाढतो आणि उष्णताहि वाढते. तळहातावर धरावयाच्या वस्तूला ती फारशी चालत नाहीं. उलट वेग कमी ठेवावा तर ॲक्शन गेमचा जीवच जातो. बुद्धिबळाच्या खेळांत यंत्रानें चाल दाखविण्यास अर्धा सेकंद उशीर केला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. तलवारीच्या द्वंद्वांत तसें नाहीं. सेकंदाला ६० चित्रें दाखवावयाचीं तर एकेका चित्रासाठीं सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यांत खेळाडूनें कोणतें बटण दाबलें तें पाहून, शत्रूंच्या हालचाली ठरवून, सबंध देखावा रंगवून तयार व्हावा लागतो. वेळ चुकली तर जुनेंच चित्र पडद्यावर राहतें, हालचालीला हिसका बसतो आणि बटणाचें उत्तर उशिरां येतें. हातांतल्या यंत्राची उत्तम कामगिरी ती हीच: ठरल्या वेळीं चित्र हजर, आणि शिदोरीहि शिल्लक.

हा हिशेब ज्यांना फार चांगला उमगला होता ते गृहस्थ म्हणजे क्योतो येथील निन्टेंडो कंपनीचे गुनपेई योकोई. १९६५ सालीं ते कारखान्यांतील यंत्रांची देखभाल करण्यासाठीं नोकरीस लागले आणि १९८० मध्यें त्यांचें ‘गेम अँड वॉच’ बाजारांत आलें. नव्यांत नवें, महाग तंत्र वापरण्यापेक्षां मुरलेलें, स्वस्त झालेलें तंत्र घ्यावें आणि त्याचा उपयोग मात्र नव्या रीतीनें करावा, असें त्यांचें म्हणणें असे. त्याच विचारांतून १९८९ चा ‘गेम बॉय’ घडला. प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्झचा, रंग असे नाहींतच, केवळ चार छटा, आणि पडद्याला स्वतःचा प्रकाशहि नाहीं. पुढच्याच वर्षीं जपानमध्यें आलेल्या सेगा कंपनीच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत आणि उजळ होता, पण सहा सेल घालूनहि तें यंत्र तीन ते पांच तासांत थकून जाई. गेम बॉय चारच सेलांवर त्याच्या दुपटीहून अधिक वेळ चाले. बाजारानें कोणाच्या बाजूनें कौल दिला हें सर्वश्रुत आहे.

या गरिबींत ॲक्शन गेम बसविणें म्हणजे तारेवरची कसरत होती. गेम बॉयचा पडदा एका वेळीं ४० हलत्या आकृति दाखवूं शके, परंतु एका आडव्या ओळींत दहाच. अकरावी आकृति सरळ नाहींशी होई. यावर प्रोग्रामर मंडळींनीं तोड काढली ती अशी कीं, प्रत्येक चित्रागणिक आकृतींचा क्रम बदलावयाचा, म्हणजे एकच शत्रु कायमचा अदृश्य न होतां सगळे आळीपाळीनें लुकलुकत राहतात. लबाडी खरी, पण खेळाडूवर अन्याय न होऊं देणारी लबाडी. १९९८ च्या ‘गेम बॉय कलर’मध्यें प्रोसेसरचा वेग दुप्पट करण्याची मुभा प्रोग्रामरला मिळाली, अर्थात् त्याची किंमत सेल भरीत.

सोनीनें योकोईंच्या अगदीं उलट वाट धरली. ४.३ इंची रुंद रंगीत पडदा, मोटारीनें फिरणारी चकती, आणि हें सारें पोसावयास १८०० मिलिअँपिअर-तासांची एक बॅटरी. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. येथें पाय आधींच लांब घडविले होते, म्हणून ते दुमडून ठेवण्याची पाळी आली. २२२ ची मर्यादा आली ती यामुळेंच. हौशी प्रोग्रामरांना ती मान्य नव्हती. त्यांनीं स्वतःचें सॉफ्टवेअर यंत्रांत घालून पूर्ण ३३३ चा वेग मिळविला. विकत घेतलेल्या वस्तूचा सबंध उपयोग करावासा वाटणें यांत गैर कांहीं नाहीं. पण दोन तासांच्या आगगाडीच्या प्रवासांत मध्येंच यंत्र बंद पडलें असतें तर बोल कंपनीलाच लागला असता, हेंहि तितकेंच खरें.

कॅलिफोर्नियांतील रेडी ॲट डॉन ही कंपनी याच मर्यादेंत काम करीत होती. तिचा ‘डॅक्स्टर’ हा खेळ २००६ मध्यें २२२ च्या आंतच उतरला आणि वाखाणला गेला. पुढचा ‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिंपस’ हाहि प्रथम त्याच हिशेबानें आंखला होता. परंतु ग्रीक पुराणांतील राक्षसांशीं झुंजणारा क्रेटॉस हा त्याचा नायक. साखळीला बांधलेलीं पातीं फिरवीत तो एकाच वेळीं अनेकांवर तुटून पडणार, आणि एवढी गर्दी सांभाळूनहि चित्र अडखळतां कामा नये. ३१ मे २००७ रोजीं सोनीनें यंत्राच्या सॉफ्टवेअरची ३.५० ही आवृत्ति काढली आणि तिसरा घोडा सुटला. मार्च २००८ मध्यें अमेरिकेंत खेळ आला तेव्हां त्यांत छायाप्रकाश, रक्ताचे शिंतोडे आणि शत्रूंची हुशारी हीं सारीं या वाढीव वेगामुळें सुधारलीं होतीं. बॅटरी मात्र लवकर उतरे, आणि तें जाणवण्याइतकें होतें.

मौज अशी कीं, याच सुमारास, सप्टेंबर २००७ मध्यें, यंत्राची सडपातळ आवृत्ति आली आणि तिची बॅटरी १२०० मिलिअँपिअर-तासांचीच होती. घोडा सोडला आणि तोबरा लहान केला! तरीहि तें निभावलें, कारण नव्या यंत्राचा स्वतःचा खर्च कमी होता; शिवाय स्मृति ३२ वरून ६४ मेगाबाइट झाल्यानें चकतीवरील मजकूर आधींच वाचून ठेवतां येई.

२०१७ च्या ‘निन्टेंडो स्विच’मध्यें टेकूवर बसविलेल्या यंत्राला अधिक वेग आणि हातांतल्याला कमी, अशी सोय झाली. त्याच वर्षीं त्यावर आलेला ‘डूम’ इतरत्र सेकंदाला ६० चित्रें दाखवीत असे, येथें ३० वर आणावा लागला. पण कुलूपकिल्ली खऱ्या अर्थानें खेळाडूच्या हातीं आली ती व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम डेक’वर, २०२२ मध्यें. त्या पहिल्या आवृत्तीची बॅटरी ४० वॅट-तासांची. मुख्य चिप १५ वॅटपर्यंत खाऊं शकते. म्हणजे ती एकटीच २ तास ४० मिनिटांत शिदोरी फस्त करील, पडदा आणि पंखा निराळे. म्हणून वॅटची मर्यादा खेळाडूलाच ठरवितां येते, आणि त्याच वर्षींच्या एका सुधारणेनें पडद्याचा वेगहि सेकंदाला ६० वरून ४० पर्यंत उतरवितां येऊं लागला.

४० हा आंकडा ऐकतांना ३० च्या जवळचा वाटतो, पण येथें अंकगणित थोडें फसवें आहे. ३० चित्रें म्हणजे एकेकास ३३.३ मिलिसेकंद, ६० म्हणजे १६.७, आणि ४० म्हणजे २५. वेळेच्या मापानें बरोबर मध्यावर. हाताला जाणवते ती वेळ. म्हणून जाणते खेळाडू प्रथम ४० ची मर्यादा घालतात, मग खेळांतील सर्वांत गर्दीच्या लढाईंत उतरून एकेक वॅट कमी करीत जातात. जेथें पहिला हिसका बसेल तेथें थांबतात आणि एक वॅट परत देतात.