रॉ फोटो एडिटिंग: सॉफ्टवेअर निवडताना काय बघायचं? ॲडजस्टमेंट लेअर कसे वापरायचे?

सूर्यास्ताच्या वेळी समुद्रावर काढलेल्या फोटोत आकाश छान येतं, पण समोरच्या माणसाचा चेहरा काळवंडतो. चेहरा उजळायला अख्ख्या फोटोचा ब्राइटनेस वाढवला की आकाशाचे रंग फिके पडतात. त्यात हाच बदल मूळ जेपीईजी फाइलवर सेव्ह झाला, तर आधीचा फोटो परत मिळवणं अवघड होतं. हे टाळायचं असेल तर रॉ फाइल आणि ॲडजस्टमेंट लेअर या दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

रॉ फाइल म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेली, फारशी प्रक्रिया न झालेली माहिती म्हणजे रॉ फाइल. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू हे तिचे प्रकार. अनेक मोबाईल डीएनजी प्रकारात रॉ फोटो काढतात. हा प्रकार ॲडोबीने २००४ मध्ये आणला.

जेपीईजी ८ बिटची असते, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पातळ्या. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. त्यामुळे अंधाऱ्या भागातले तपशील वर काढता येतात, व्हाइट बॅलन्सही नंतर बदलता येतो. मात्र प्रकाश जास्त होऊन पूर्ण पांढरा झालेला भाग रॉमधूनही परत येत नाही.

ॲडजस्टमेंट लेअर काय करतो?

फोटोवर रंगीत काच ठेवावी, तसा हा थर असतो. काचेतून फोटो वेगळा दिसतो, पण खालचा फोटो तसाच राहतो. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९६ च्या ४.० आवृत्तीत आली. लेअर कधीही बंद करता येतो, त्याची तीव्रता कमी करता येते किंवा तो काढून टाकता येतो.

लेअरसोबत मास्क मिळतो. मास्कवर पांढरा रंग असेल तिथे बदल दिसतो, काळा असेल तिथे झाकला जातो. म्हणजे वरच्या फोटोत फक्त चेहरा उजळता येतो, आकाशाला धक्का न लावता.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

• फोटोशॉप: रॉ फाइल आधी कॅमेरा रॉमध्ये उघडते, मग लेअर वापरता येतात. सबस्क्रिप्शन लागतं.
• लाइटरूम क्लासिक: लेअरऐवजी मास्क आहेत. सबस्क्रिप्शन संपल्यावर फोटो पाहता आणि एक्सपोर्ट करता येतात, पण डेव्हलप विभाग बंद होतो.
• कॅप्चर वन: थेट रॉ फाइलवर लेअर लावता येतात. पैसे मोजावे लागतात.
• ॲफिनिटी: २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतलं. ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हा खात्यावर मोफत. रॉ आणि लेअर दोन्ही आहेत.
• डार्कटेबल: मोफत आणि ओपन सोर्स. लेअर नाहीत, पण जवळपास प्रत्येक बदलाला मास्क लावता येतो. शिकायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी आहे. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं रॉ एडिटिंग दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं उघडत नाही. त्यामुळे पाच वर्षांचे फोटो एकाच ठिकाणी एडिट करण्याआधी, उद्या पैसे भरणं थांबवलं तर काय उरेल, हे तपासायला हवं.

वापरताना क्रम काय ठेवायचा?

१. आधी रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर आणि हायलाइट नीट करा.
२. फोटोशॉपमध्ये फाइल स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून उघडा, म्हणजे रॉच्या सेटिंगकडे परत जाता येतं.
३. प्रत्येक बदलासाठी वेगळा लेअर घ्या आणि त्याला नाव द्या.
४. लेअर जास्त वाटला तर ओपॅसिटी कमी करा.
५. काम पीएसडी किंवा त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात सेव्ह करा. जेपीईजीत लेअर राहत नाहीत.
६. इन्स्टाग्राम, फेसबुकसाठी वेगळी जेपीईजी एसआरजीबी रंगात एक्सपोर्ट करा.

पोस्ट झाली म्हणून रॉ फाइल डिलीट करू नका. ती आणि लेअरची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवली, तर तोच फोटो पुढे मोठ्या प्रिंटसाठी पुन्हा नव्याने एडिट करता येतो.