एका पैशाची पुडी आणि पाळीचा ताप

एक दिवस सोडून येणारा तो तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक, हा विषमज्वराचा, म्हणजे आजच्या हिवतापाचा, भेद आपल्या वैद्यांनी चरक-सुश्रुतांच्या काळापासून जाणला होता. परंतु या पाळ्यांमागे रक्तात वाढणाऱ्या परोपजीवींच्या निरनिराळ्या जाती आहेत, ही गोष्ट लाव्हेराँने १८८० साली अल्जीरियात ते जंतू प्रथम पाहिल्यावर आणि पुढे गॉल्जीने त्यांच्या वाढीचा पाळीशी मेळ घातल्यावरच सिद्ध झाली. या शोधापूर्वीच हिंदुस्थानात सर्व पाळ्यांच्या तापावर एकच स्वस्त औषध देण्याची खटपट सुरू झाली होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

नीलगिरीवर व दार्जिलिंगजवळ मुंगपू येथे सिंकोनाची लागवड झाली, तरी त्या झाडाच्या सालीतून निघणारे शुद्ध क्विनाईन तेव्हा रयतेच्या आवाक्याबाहेरच होते. म्हणून १८६६ साली मद्रास इलाख्यात नेमलेल्या कमिशनने त्या सालीतील क्विनाईनसह चार अल्कलॉइडांची रुग्णांवर पारख केली आणि उरलेली तीन क्विनाईनहून फारशी उणी नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच आधारावर मुंगपूच्या कारखान्यात सर्व अल्कलॉइडांचे मिश्र चूर्ण निघू लागले. पुढे १८९२ पासून बंगालमध्ये क्विनाईनच्या पुड्या टपालकचेरीतून एका पैशाला एक याप्रमाणे विकल्या जाऊ लागल्या आणि इतर प्रांतांनीही तोच शिरस्ता उचलला. जेथे दवाखाना कोसच्या कोस दूर आणि सूक्ष्मदर्शक तर जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्मिळ, तेथे रोगाची जात न विचारता औषध गावापर्यंत पोचविणारी ही योजना मला ब्रिटिश अंमलातील मोजक्या खऱ्या लोकोपयोगी कृत्यांपैकी एक वाटते. तिची उणीव मात्र मोठी होती: एकदोन पुड्यांनी ताप उतरे, रोग मुळासकट जात नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्विनाईनची गादी क्लोरोक्वीनने घेतली. आपल्या राष्ट्रीय हिवतापविरोधी मोहिमेत ताप आलेल्याच्या रक्ताचा नमुना घेताच त्याला क्लोरोक्वीन देत आणि जंतू आढळले तर पुढचा पुरा उपचार करीत. १९७३ साली आसामात हिवतापाच्या जंतूंपैकी फाल्सिपेरम जातीने या औषधास दाद दिली नाही आणि तेथून वाटा फुटल्या. फाल्सिपेरमला एक औषध, व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीला दुसरे, म्हणजे जात ओळखण्यात चूक झाली की उपचारही चुकला. इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतात तर दोन्ही जाती क्लोरोक्वीनला जुमानीनाशा झाल्या, तेव्हा २००६ साली तेथे सर्वच जातींसाठी आर्टेमिसिनीनयुक्त एकच जोडऔषध ठरविण्यात आले.

तरीही व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात सुप्त राहतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात; त्यांवर प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावे लागते, आणि ज्यांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. म्हणून रक्तातील जंतूंवरचे औषध एक झाले, तरी उपचाराचा हा अर्धा भाग एका पुडीत बांधता येत नाही. गडचिरोलीसारख्या जंगलमुलखात, जेथे या दोन्ही जाती आजही एकत्र नांदतात, तेथे उपचार सोपे करू पाहणाऱ्यांनी प्रायमाक्वीनपूर्वी त्या विकराची रक्तपरीक्षा गावातच करावी आणि चौदाव्या दिवसाची गोळी पोटात गेली की नाही, हे पाहण्यास घरोघर माणूस पाठवावा.