फुलांचं कमोड

‘कमोड’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे उभं राहतं, त्यावर वाचकांनी क्षणभर झाकण घालावं, ही नम्र विनंती. मूळ फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ नुसता ‘सोयीचं’. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे खणांचं एक बुटकं कपाट निघालं. त्याआधी कपडे पेटीत. तळातला सदरा हवा तर वरचा सगळा संसार उपसा! आता खण ओढला की झालं. म्हणून ते कमोड. पुढे इंग्रजांनी भांडं दडवलेल्या खुर्चीला हेच नाव दिलं, आणि तिथून ते आमच्या आत्याबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांपर्यंत पोचलं.

या कपाटांचा बादशहा झाँ-हेन्री रीझनेर. जन्म १७३४, जर्मनीतला. पॅरिसला ओबेन नावाच्या नामांकित कारागिराच्या हाताखाली लागला. १७६३ साली ओबेन वारले आणि १७६७ मध्ये रीझनेरने त्यांच्या विधवेशी लग्न केलं. कारखाना, गिऱ्हाइकं, उधारी, सगळं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग! आमच्या बँकेच्या प्रमोशन पॉलिसीत ही सोय नाही.

पण हातात कसब होतं हो. ओकचा सांगाडा, त्यावर निरनिराळ्या लाकडांचे पातळ पापुद्रे फुलापानांच्या आकारात कापून एकमेकांत असे बसवायचे की सांधा दिसू नये. पाकळीला सावली हवी, तर तुकड्याची कड तापल्या वाळूत खुपसून किंचित करपवायची. (आमच्या मेसचा आचारीही करपवत असे, पोळीवर गुलाब कधी उमटला नाही.) पानांसाठी लाकूड हिरवं रंगवत. दोनशे वर्षांच्या उजेडाने तो रंग उडाला, आणि आज राणीची ती बाग तपकिरी दिसते.

१७७४ साली रीझनेर राजाचा अधिकृत कारागीर झाला. दहाएक वर्षं चैन. मग खजिन्याला घरघर लागली, बिलं डोळ्यांत खुपू लागली आणि काम बेनेमान नावाच्या दुसऱ्याकडे गेलं. त्यानंतर क्रांती. ऑगस्ट १७९३ पासून वर्षभर व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. सतरा हजारांच्या आसपास लॉट.

तारणातल्या पाटल्यांचे लिलाव मी पाहिलेत. कर्जदार कोपऱ्यात उभा असतो, वर बघत नाही. रीझनेरही त्या लिलावाला गेला, पण त्याने बोली लावली. स्वतःचीच कपाटं त्याने परत विकत घेतली! हिशेब साधा: आज स्वस्त, उद्या महाग. पण फॅशन बदलली होती, आणि जुनी गिऱ्हाइकं परदेशी तरी पळाली होती किंवा गिलोटिनखाली तरी गेली होती. माल पडून राहिला. आमच्या भाषेत डेड स्टॉक. १८०६ साली तो गेला, तेव्हा हातात फारसं काही उरलं नव्हतं.

१९९९ मध्ये सोळाव्या लुईसाठी त्याने केलेलं एक कमोड लंडनला लिलावात निघालं. घेतलं कुणी? व्हर्सायनेच. सत्तर लाख पौंडांना. फर्निचरवर दरसाल दहा टक्के घसारा धरावा, असं मला बी.कॉम.ला शिकवलं होतं. त्या हिशेबाने त्याची पुस्तकी किंमत पैच्याही आत यायला हवी होती.