शिरेतून जाणारे तेल : सरकीपासून माशापर्यंत



सेलू हे मनमाड-परभणी लोहमार्गावरचे कापसाचे गाव. जिनिंगच्या आवारातला सरकीचा ढीग ज्याने पाहिला नाही असा माणूस येथे विरळा. त्या सरकीचे तेल एके काळी रोग्याच्या शिरेतून दिले जात होते असे सांगितले, तर आपण हसाल. परंतु गोष्ट खरी आहे.

आतड्याची शस्त्रक्रिया झाली की पुष्कळदा काही दिवस तोंडाने अन्न देता येत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘सलाईन चालू आहे, म्हणजे पोट भरते आहे.’ कामगारांच्या खाटेशी बसून हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याला गणती नाही. आता हिशेबच करू. ५ टक्के ग्लुकोजच्या एका लिटरमध्ये साखर ५० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २०० कॅलरी. ५० किलो वजनाच्या रोग्याला रोज लागतात साडेबाराशे ते पंधराशे. सात-आठ लिटर पाणी सोसणार कोण? साखर दाट करावी तर हाताची बारीक शीर जळते. उरला स्निग्ध पदार्थ. त्याच्या ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या दुपटीहून अधिक.

पण तेल रक्तात विरघळत नाही. १६५६ साली ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेनने पिसाच्या नळीने कुत्र्याच्या शिरेत दारू सोडली; ती त्याला चढलीही. त्याच शतकात पुढे विल्यम कोर्टनने ऑलिव्हचे तेल सोडले, तेव्हा कुत्रे मेले. तेलाचे मोठे थेंब फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत अडकतात. म्हणून ते दुधातल्या स्निग्धांशासारखे अतिसूक्ष्म फोडावे लागते, आणि या कामी तीनशे वर्षे गेली.

अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात सरकीच्या तेलाचे असे ‘दूध’ लिपोमूल या नावाने आले. रोग्यांना ताप, हुडहुडी, पाठदुखी, कावीळ होऊ लागली आणि १९६५ च्या सुमारास ते मागे घेण्यात आले. तिकडे स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी अनेक तेले पारखून अखेर सोयाबीनचे घेतले, अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनने ते फोडले, आणि १९६२ साली ‘इंट्रालिपिड’ तयार झाले. (आपल्या जिल्ह्यातही कापसामागून सोयाबीन आलेच, हा निव्वळ योगायोग.)

सोयाबीन तारक ठरले, तथापि त्यात ओमेगा-६ जातीची आम्ले फार. त्यांपासून शरीर दाह वाढविणारी द्रव्ये बनविते, आणि शस्त्रक्रियेने शरीर आधीच दाहलेले असते. थंड समुद्रातल्या माशांच्या तेलातली ओमेगा-३ आम्ले हा दाह शमविण्याकडे झुकतात. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचे तेल काढीत. ते चमच्याने घ्यायचे, जीवनसत्त्वासाठी. शिरेतले हे तेल निराळे, फार शुद्ध केलेले. युरोपात ते १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आले. एका प्रचलित मिश्रणात सोयाबीन ३०, नारळातल्यासारखे मध्यम साखळीचे स्निग्ध ३०, ऑलिव्ह २५ आणि मासा १५ टक्के असतो.

लाभ किती? २०२० साली ४९ चाचण्यांचा एकत्रित ताळेबंद निघाला. जंतुसंसर्गाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी, रुग्णालयातला मुक्काम दोनेक दिवसांनी कमी. मृत्यू घटतात असे मात्र निश्चित सिद्ध झाले नाही. युरोपातील पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१७ मध्ये म्हटले की, ज्यांना आतड्यावाटे पुरेसे अन्न देता येत नाही अशा शस्त्रक्रियेच्या रोग्यांसाठी या तेलाचा विचार व्हावा. आतडे चालत असेल तर आधी तोच मार्ग, हे सर्वांनाच मान्य.

रोजमजुरी करणाऱ्याला दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची मजुरी. पण ही बाटली घेणार कोण? १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्यांत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नाव घेऊन घातले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्याच्या व्याख्येत जिनिंग पहिलेच आहे.