राजमुकुट आणि क्रूस

ज्युबिलीच्या वर्षीं मागें वळून पाहण्याची आपली रीत आहे. देऊळ केव्हां उभें राहिलें, कोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, याची स्मृति जागविणें योग्यच होय. परंतु आम्ही या लेखांत वाचकांपुढें थोडा निराळा प्रश्न ठेवितों. ख्रिस्ती वारसा हा कोणाच्या मालकीचा? राजाचा, राष्ट्राचा, कीं श्रद्धावंत लोकांचा? या प्रश्नावर युरोपांत शतकानुशतकें वाद झाला, आणि त्याचे आघात आपल्या किनाऱ्यासही सोसावे लागले.

इ. स. १५५५ सालीं जर्मनींत आउग्सबुर्ग येथें तह झाला. जो राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ, हें त्याचें तात्पर्य. कॅथलिक पोर्तुगालांत राजा आणि धर्म यांची सांगड निराळ्या रीतीनें पडली होती. पूर्वेकडील मुलुखांत देवळें व मिशनें यांचा खर्च राजानें चालवावा, आणि त्याबद्दल बिशपांची नांवें सुचविण्याचा मान त्यास असावा, अशी ती व्यवस्था होती. तिलाच 'पाद्रोआदो' म्हणजे आश्रयाधिकार म्हणत. या व्यवस्थेमुळें आपल्या किनाऱ्यावर देवळें उभीं राहिलीं, हें उपकार आम्ही विसरत नाहीं. परंतु राजाश्रयाबरोबर राजकारणही देवळांत शिरलें.

मुंबईचाच इतिहास पाहा. १६६१ च्या विवाहतहानें तें बेट इंग्रजांकडे जावयाचें ठरलें. पुढें १७२० सालीं इंग्रज सरकारनें पोर्तुगीज धर्मगुरूंस घालवून देवळें रोमहून नेमिलेल्या अधिकाऱ्याच्या हवालीं केलीं. १७९४ पासून तर एकाच शहरांत दोन धर्मसत्ता नांदूं लागल्या, कांहीं देवळें गोव्याच्या आज्ञेंत, कांहीं रोमच्या. श्रद्धा एक, मिस्सा एक, आणि भाऊबंद मात्र दोन तटांत विभागलेले! हा दुहेरी कारभार १९२८ च्या करारानें मिटला. पण तेव्हांही मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असेंच ठरलें. १९५० सालीं पोर्तुगालनें भारतांतील हा अधिकार सोडला, आणि त्याच वर्षीं व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

राजसत्तेचा हात लोकांच्या जिभेपर्यंतही पोहोंचला. १६८४ सालीं गोव्याच्या विसरेईनें फर्मान काढिलें कीं, प्रजेनें तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. आज विसरेई नाहींत, परंतु कोंकणी प्रार्थना गोव्याच्या घरोघर चालू आहे. असाच प्रकार पोलंडांत घडला. १७९५ पासून १९१८ पर्यंत त्या देशास स्वतःचें राज्यच नव्हतें. १९०१ सालीं प्रशियाच्या अमलाखालील व्झेश्न्या गांवीं शाळकरी मुलांनीं धर्मशिक्षण जर्मन भाषेंत घेण्याचें नाकारिलें, म्हणून त्यांस छड्यांचा मार बसला. राज्य गेलें तरी पोलिश लोकांचा वारसा मातृभाषेंतील प्रार्थनेंत जिवंत राहिला.

आमच्याकडेही हें सत्य एका परदेशीयानें फार पूर्वीं ओळखिलें होतें. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज. राणी एलिझाबेथच्या राज्यांत येशूसंघीयांस थारा नव्हता. ते १५७९ सालीं गोव्यास आले, साष्टींत राहिले, आणि पोर्तुगीज अमलांत राहून त्यांनीं लिहिलें तें मराठींत. १६१६ सालीं राशोल येथें छापिलेलें त्यांचें ख्रिस्तपुराण कोणत्याही राजाच्या गौरवासाठीं नव्हतें. नव्या ख्रिस्ती कुटुंबांस आपल्या ओवींत तारणाची कथा ऐकतां यावी, एवढाच त्याचा हेतु.

ख्रिस्ती म्हणजे परकीयांच्या बाजूचा, असा आरोप आपल्यावर मधूनमधून केला जातो. त्यास उत्तर माझगांवच्या जोसेफ बॅप्टिस्टा यांनीं कृतीनें दिलें. आमच्या रत्नागिरींत १८५६ सालीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे ते सहकारी. एप्रिल १९१६ मध्यें बेळगांवीं स्वराज्यसंघ स्थापन झाला, तेव्हां त्याचे अध्यक्षपद या कॅथलिक बॅरिस्टरांकडे आलें. लोक त्यांस प्रेमानें 'काका' म्हणत. स्वदेशाची सेवा करण्यासाठीं त्यांस आपला धर्म घरीं ठेवावा लागला नाहीं.

युरोपांतील वाद अद्याप मिटलेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर शूमान, आडेनाउअर व दे गास्पेरी या तीन कॅथलिक मुत्सद्द्यांनीं वैरी राष्ट्रांस एकत्र आणण्याचा पाया घातला. तरी २००४ सालीं युरोपीय संघाच्या घटनेचा मसुदा झाला, तेव्हां पोप जॉन पॉल दुसरे यांच्या आग्रहानंतरही प्रस्तावनेंत ख्रिस्ती धर्माचें नांव आलें नाहीं. 'धार्मिक वारसा' एवढाच मोघम उल्लेख राहिला. तें नांव यावयास हवें होतें, असें आम्हांस वाटतें, कारण जें घडलें तें सांगणें हेंच इतिहासाचें काम. परंतु कागदावर नांव असल्यानें वारसा टिकत नाहीं, आणि नसल्यानें तो बुडत नाहीं.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामाचा वारसाही कोणत्या मुकुटानें राखिलेला नाहीं. आजीनें नातवंडांस शिकविलेली संध्याकाळची प्रार्थना, आजाऱ्याच्या दारीं गेलेला शेजारी, सर्व जातिधर्मांच्या गांवकऱ्यांशीं राखिलेला सलोखा, यांनीं तो राखिला. पुढील ज्युबिलीपर्यंत तो नेणें हें आपल्याच हातीं आहे.