सहाराच्या वाटेवरील मुक्काम

दिल्लीत महंमद तुघलकाच्या अमलाखाली काजीचा हुद्दा सांभाळलेला आणि दौलताबादेस येऊन मराठ्यांच्या मुलखाविषयीही चार गोष्टी नमूद करून गेलेला इब्न बतूता मराठी वाचकास अपरिचित नाही. परंतु तोच इब्न बतूता १३५२ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोतील सिजिलमासाहून व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर सहारा ओलांडण्यास निघाला, ती हकीकत आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. मरुभूमीतील रात्र म्हटली की एकाकी पांथस्थ आणि अनंत तारे एवढेच चित्र आपल्या मनात उभे राहते. या हकीकतीत मात्र प्रत्येक रात्र कोणाच्या ना कोणाच्या भरवशावर, मोल देऊन आणि आगाऊ बंदोबस्त करून काढावी लागलेली दिसते.

पंचवीस दिवसांच्या मजलीनंतर काफिला तगाझास पोहोचला. तेथे ना झाड ना झुडूप. जमीन खणली की मिठाच्या जाडजूड लाद्या निघत, त्यांच्याच भिंती रचून घरे आणि मशीद उभारलेली, आणि वर छप्पर उंटाच्या कातड्याचे. वस्ती होती ती मसूफा जमातीच्या गुलामांची. दर्‍आ व सिजिलमासाहून येणारा खजूर, दक्षिणेकडून येणारे भरड धान्य आणि उंटाचे मांस यांवर त्यांचा निर्वाह चाले, आणि त्यांनी खणलेल्या दोन लाद्या लादून उंट पुढच्या वाटेस लागे. हेच उंटभर मीठ माली राज्याच्या राजधानीत वीस-तीस मिस्काल वजनाच्या सोन्यास विकले जाई. खारे पाणी आणि माश्यांचा उपद्रव सोशीत इब्न बतूताने तेथे दहा दिवस काढले. त्या खाणीत राबणाऱ्या माणसांपुढे हे दहा दिवस अल्पच म्हणावयाचे.

पुढच्या निर्जल टापूत एक प्रसंग घडला. इब्न झीरी नावाचा प्रवासी आपल्या आप्ताशी भांडून काफिल्याच्या मागे राहिला आणि मुक्कामाच्या वेळी तो बरोबर नसल्याचे ध्यानात आले. त्याच्या शोधार्थ मसूफांपैकी कोणास मोलाने पाठवावे, ही इब्न बतूताची सूचना त्या आप्ताने धुडकावली. दुसऱ्या दिवशी एक मसूफा कवडीचीही अपेक्षा न धरता आपण होऊन निघाला, त्यास माग लागला, पण माणूस सापडला नाही. तोवर चराऊ जागा हेरण्यासाठी काफिल्यापुढे दौडत जाणारा इब्न बतूता त्यानंतर पुढेही गेला नाही आणि मागेही रेंगाळला नाही.

तासरहला येथील पाणवठ्यावर तीन दिवस विसावा असे. तेवढ्या अवधीत पखाली दुरुस्त करून भरावयाच्या आणि वाऱ्याने पाणी आटू नये म्हणून त्यांच्याभोवती जाडेभरडे कापड शिवावयाचे. येथूनच ‘तक्शीफ’ रवाना होई. हा काफिल्याने भाड्याने ठरविलेला मसूफा जासूद; वलाता शहरातील लोकांच्या नावची पत्रे घेऊन तो एकटाच पुढे जाई, म्हणजे ते लोक घरे पाहून ठेवीत आणि पाणी घेऊन चार रात्रींच्या अंतरापर्यंत सामोरे येत. तो वाटेत दगावला तर वलातास काही वार्ताच पोहोचत नसे, आणि मग काफिल्यातील बहुतेकांचा नाश ठरलेला. इब्न बतूताच्या काफिल्याने त्यास शंभर मिस्काल सोने दिले. ज्या कामावर सगळ्यांचे प्राण लोंबकळत होते, त्यास हे मोल भारी म्हणवत नाही. वाटाड्याची तर एका डोळ्याची दृष्टी गेलेली आणि दुसरा डोळा अधू, तरीही रस्त्याचे त्याच्याइतके ज्ञान कोणास नव्हते. या टापूतील उष्मा एवढा दारुण की तिसऱ्या प्रहराची नमाज आटोपून निघावयाचे, रात्रभर चालावयाचे आणि उजाडता उतरावयाचे. रात्र ही निद्रेसाठी उरलीच नव्हती. सातव्या रात्री सामोरे आलेल्या लोकांनी पेटविलेले जाळ दिसले, तेव्हा सर्वांना हर्ष झाला.

परतीची वाट निराळी होती. १३५३ च्या सप्टेंबरात ज्या काफिल्याबरोबर तो तकद्दा या गावाहून निघाला, त्यात सुमारे सहाशे दासी नेल्या जात होत्या. फेझ येथे लेखनिक इब्न जुझय्यास सारा वृत्तान्त सांगताना पखाली, माश्या, मिठाचा भाव, काहीही न विसरलेल्या या चौकस प्रवाशाने त्या सहाशे स्त्रियांच्या मुक्कामांविषयी मात्र काही सांगितले नाही, आणि त्याच्याविषयी मनात कितीही आदर असला तरी ही उणीव मला बोचल्यावाचून राहत नाही.